रॅम्प आहे, वाट नाही

एखादी इमारत अपंगांसाठी सोयीची आहे का, असे आपल्याकडे विचारले की उत्तर ठरलेले असते : 'हो, रॅम्प आहे ना.' शाळा असो, बँकेची शाखा असो, मतदान केंद्र असो की नाट्यगृह, चौकशी दारापाशी सुरू होते आणि त्याच दारापाशी संपते. सिमेंटचा एक उतार, त्याला स्टीलचा कठडा, शेजारी निळ्या पाटीवर व्हीलचेअरचे चित्र. फोटो निघतो, फाईलला लागतो, रकाना भरला जातो.

ही समजूत मला उथळ वाटते. सुगम्यता म्हणजे इमारतीला नंतर जोडायची एखादी वस्तू, असे ती धरून चालते. माझे म्हणणे असे आहे की सुगम्यता हा वाटेचा गुण आहे. रस्त्यापासून कामाच्या टेबलापर्यंत, तिथून स्वच्छतागृहापर्यंत आणि संकटकाळी पुन्हा रस्त्यावर येईपर्यंतची ही सलग वाट. ती एका जागी तुटली की त्या माणसापुरती पूर्ण तुटते. ती सलग राहावी असे वाटत असेल, तर हे काम सहानुभूतीवर, मार्गदर्शक सूचनांवर किंवा पुढे कधीतरी होणाऱ्या दुरुस्तीवर सोडता येत नाही. ते नकाशा मंजूर होतानाच, मोजून आणि सक्तीने व्हावे लागते.

१. बेरीज नव्हे, गुणाकार

एका साध्या सरकारी कार्यालयाची वाट पाहू. आधी पदपथ. मुंबईत दुचाक्या चढू नयेत म्हणून पदपथांवर रोवलेल्या खांबांमधून व्हीलचेअरही जात नाही, याची मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ साली स्वतःहून दखल घेतली होती. पुढे फाटक : मोठे दार बंद, दिंडी उघडी आणि तिच्या तळाशी आडवी लोखंडी पट्टी. मग खचलेले पेव्हर ब्लॉक. मग आपला रॅम्प. त्याच्या डोक्यावर चॅनेल गेटची खाच, आत लिफ्ट, लिफ्टबाहेर कपाटांनी अरुंद झालेला बोळ, छातीएवढ्या उंचीची खिडकी आणि शेवटी 'दिव्यांगांसाठी' अशी पाटी असलेले, कुलूप लावलेले आणि आत झाडू-बादल्या भरलेले स्वच्छतागृह.

आपण यांतल्या गोष्टींची बेरीज करतो. दहापैकी नऊ गोष्टी ठीक असतील तर इमारतीला नव्वद टक्के गुण देतो. वापरणाऱ्याचे गणित वेगळे असते. वाटेत दहा टप्पे आहेत आणि प्रत्येक टप्पा धड असण्याची शक्यता नव्वद टक्के आहे असे समजा. हे टप्पे एकमेकांवर अवलंबून नसतील, तर सगळी वाट धड असण्याची शक्यता ३५ टक्के भरते. सुगम्यता साखळीसारखी असते. तिची ताकद सर्वांत कच्च्या कडीएवढी. म्हणूनच 'आमच्याकडे बऱ्याच सोयी आहेत' हे वाक्य मोजपट्टीवर टिकत नाही. लेखापरीक्षणात सोयी मोजल्या जातात आणि वाट चालून पाहिली जात नाही, तोवर अहवाल चांगले येत राहतील आणि माणसे घरी बसून राहतील.

२. उताराचे गणित

रॅम्पवर माझा आणखी एक आक्षेप आहे. तो बहुतेक वेळा आधी झालेल्या चुकीची मलमपट्टी असतो.

आपल्या मानकांप्रमाणे रॅम्पचा उतार १:१२ पेक्षा तीव्र नसावा. एक फूट चढायला बारा फूट लांबी. हा आकडा कुणाच्या मर्जीतून आलेला नाही. माणूस आणि खुर्ची मिळून १०० किलो वजन धरले, तर १:१२ उतारावर खुर्ची नुसती मागे येऊ नये म्हणून सुमारे ८ किलोंएवढा जोर सतत लावावा लागतो. १:६ उतारावर तोच जोर १६ किलोंवर जातो, आणि तो चाकाच्या कड्यावर, पकड सोडत-धरत लावायचा असतो. पाऊस असेल आणि रॅम्पला गुळगुळीत पॉलिश केलेला ग्रॅनाइट लावला असेल, तर पुढचे सांगायला नको.

आता जोत्याकडे पाहू. आपल्याकडे जोते जमिनीपासून निदान ४५० मिलिमीटर वर ठेवतात. पावसाळ्याच्या देशात ते योग्यच आहे. १:१२ प्रमाणे त्याला ५.४ मीटर लांब उतार लागतो. वर आणि खाली दीड-दीड मीटर सपाट जागा धरली की ८.४ मीटर. इमारतीपुढे तीन मीटर मोकळी जागा असेल तर हा उतार सरळ बसणारच नाही. तो भिंतीलगत न्यावा लागेल, वळवावा लागेल, त्यासाठी पार्किंगची एखादी जागा सोडावी लागेल. हे सगळे नकाशावर पेन्सिलीने करता येते आणि त्याचा खर्च जवळपास काही नसतो. इमारत उभी राहिल्यावर आठवण झाली, तर कंत्राटदार उरलेल्या अडीच मीटरांत उतार कोंबतो. तो १:५ किंवा १:६ होतो. स्कूटर चढवायला उत्तम.

चांगल्या वास्तुरचनाकाराला अनेकदा रॅम्प काढावाच लागत नाही. पुढच्या अंगणाची पातळी १:२० किंवा त्याहून मंद चढाने हळूहळू वर आणली, दारापाशी आडवी जाळीची गटार टाकून पाणी अडवले, की सगळे एकाच दाराने, एकाच वाटेने आत येतात. अपंगांसाठी बाजूने, कचऱ्याच्या डब्यांशेजारून वेगळी वाट काढावी लागत नाही.

पातळ्यांची ही हेळसांड घरांमध्ये जास्त दिसते आणि तिथे कुणी रॅम्पचा फोटोही मागत नाही. स्टिल्ट पार्किंगच्या इमारतीत गाडी लिफ्टजवळ लागते. पण लिफ्टचे दार तीन पायऱ्या वर. जुन्या चार मजली सोसायट्यांना बाहेरून लिफ्ट बसवतात, ती जिन्याच्या अधल्यामधल्या टप्प्यावर उघडते. म्हणजे लिफ्ट आहे, पण घरी पोहोचायला अर्धा जिना चढायचाच. फ्लॅटमध्ये बाथरूमचे दार चौकटीसकट अडीच फुटांचे, म्हणजे मोकळी जागा त्याहून कमी, आणि वर उंबऱ्याला ग्रॅनाइटची पट्टी. मानकाप्रमाणे दाराची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर हवी आणि खुर्ची वळायला १५०० मिलिमीटर व्यासाचे वर्तुळ. बाथरूमच्या दारातले ते कमी पडणारे इंच आराखड्यावर वाढवायला एक रेघ सरकवावी लागते. नंतर वाढवायचे तर भिंत फोडायची, आणि ती नेमकी आर. सी. सी. खांबाला लागून असते.

३. चित्रातल्या खुर्चीपलीकडे

निळ्या पाटीवरचे व्हीलचेअरचे चिन्ह १९६८ साली सुझान कोफोएड या डॅनिश विद्यार्थिनीने रेखाटले. चिन्ह म्हणून ते फारच यशस्वी ठरले. इतके, की आपली कल्पनाही त्या खुर्चीपाशी थांबली. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. १९९५च्या कायद्यात ते सात होते. अंध, अल्पदृष्टी, कर्णबधिर, स्वमग्न, बौद्धिक अपंगत्व असलेले, कुष्ठरोगातून बरे झालेले, बुटकेपणा असलेले अशा बहुतेकांना रॅम्पचा काहीही उपयोग नाही.

शिवाय यांच्या गरजा एकमेकींना छेदतात आणि खरे डिझाइन तिथेच सुरू होते. खुर्चीवरच्या माणसाला पदपथ आणि रस्ता एका पातळीत हवा. पांढरी काठी घेऊन चालणाऱ्याला पदपथ संपल्याची खूण म्हणून ती कडच हवी असते. कड काढून टाकली की एकाची वाट मोकळी होते आणि दुसरा नकळत वाहनांपुढे येतो. यावर उत्तर सापडले आहे. जपानमध्ये सेइइची मियाके यांनी १९६५ साली उंचवट्यांच्या फरशा तयार केल्या आणि १९६७ साली ओकायामा शहरात त्या प्रथम रस्त्यावर बसवल्या गेल्या. या पद्धतीत लांब पट्ट्यांची फरशी 'पुढे चला' सांगते, ठिपक्यांची फरशी 'थांबा, सावध व्हा' सांगते. पायाला आणि काठीला कळणारी ही भाषा आहे. आपल्याकडे या पिवळ्या फरशा आता सर्रास दिसतात. पण कित्येक ठिकाणी त्या झाडाच्या बुंध्याशी, विजेच्या पेटीपाशी किंवा चेंबरच्या झाकणावर जाऊन संपतात. काही ठिकाणी पट्ट्यांच्या जागी ठिपके आणि ठिपक्यांच्या जागी पट्ट्या. गवंड्याला ती नक्षी वाटते, कारण ती नक्षी नाही हे त्याला कुणी सांगितलेले नसते. देखरेख करणाऱ्या अभियंत्याला मात्र ही सवलत देता येणार नाही.

नवे तंत्रज्ञान आपोआप सोय करते, हाही भ्रमच. जुन्या लिफ्टची उठावाची बटणे अंध माणूस बोटांनी मोजून दाबत असे. आता काचेच्या टॉवरमध्ये लिफ्टबाहेर सपाट टचस्क्रीन असतो. त्यावर मजला निवडायचा आणि मग कोणती लिफ्ट येणार ते पडद्यावर वाचायचे. आवाजी सूचना नसेल तर अंध कर्मचारी स्वतःच्या कार्यालयात रोज कुणाची तरी वाट पाहत उभा राहणार. चाळीस वर्षांपूर्वीच्या इमारतीत ही अडचण नव्हती.

४. बाहेर पडणे

सुगम्यतेची चर्चा आत येण्याविषयी असते. आग लागल्यावर काय, हे क्वचितच विचारले जाते. प्रत्येक लिफ्टशेजारी पाटी असते : आगीच्या वेळी लिफ्ट वापरू नका, जिना वापरा. दहाव्या मजल्यावर काम करणाऱ्या व्हीलचेअरवरच्या कर्मचाऱ्याने ही पाटी वाचून काय करायचे? त्याच्यासाठी वाट तिथे संपली.

उत्तर पुन्हा आराखड्यातच आहे. २४ मीटरपेक्षा उंच इमारतींना आश्रयमजला किंवा आश्रयक्षेत्र ठेवावे लागते. जिना उतरू न शकणाऱ्याने सुटकेची वाट पाहण्याची ती जागा. प्रत्यक्षात किती इमारतींत ते मोकळे असते? कुठे जुने फर्निचर, कुठे कुंड्या, कुठे सोसायटीची छोटी पार्टी. तिथे जायच्या वाटेवर उंबरा आहे का, दार खुर्चीवर बसून उघडता येते का, हे पाहिले जात नाही. कर्णबधिर माणसाला भोंगा ऐकू येत नाही. त्याला लुकलुकणारा दिवा हवा. हॉटेलच्या खोलीत किंवा वसतिगृहात एकटा झोपलेला कर्णबधिर मुलगा ही कल्पित स्थिती नाही. कमी उंचीच्या इमारतींना तर आश्रयक्षेत्राचे बंधनही नाही, आणि आपली बहुतेक शाळा-कॉलेजे त्याच गटातली आहेत.

५. तीन आक्षेप

पहिला : 'इथे अपंग येतातच किती?' २०११च्या जनगणनेत भारतात २.६८ कोटी आणि महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार अपंग व्यक्तींची नोंद झाली. पण मी आकड्यांवर अडून बसणार नाही, कारण आक्षेपातली चूक आकड्यांची नसून तर्काची आहे. पायऱ्यांमुळे जे आत येऊ शकत नाहीत, त्यांची गैरहजेरी पायऱ्यांच्या समर्थनासाठी वापरली जाते. पूल नसलेल्या नदीवर रोज किती जण पोहून जातात हे मोजून पुलाची गरज कुणी ठरवत नाही.

दुसरा आक्षेप जास्त आपुलकीचा आणि म्हणून जास्त अडचणीचा : 'आपल्याकडे माणसे आहेत. चार जण उचलून नेतात, कुणी नाही म्हणत नाही.' हे खरे आहे. आपली गर्दी बऱ्याचदा माणुसकीने वागते. पण ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईत व्हीलचेअर वापरणाऱ्या एका वधूला स्वतःच्या विवाहनोंदणीसाठी दुसऱ्या मजल्यावर उचलून न्यावे लागले. इमारतीत लिफ्ट नव्हती आणि कार्यालयातले कुणी खाली आले नाही. बातमी झाल्यावर उपमुख्यमंत्र्यांनी दिलगिरी व्यक्त केली. ज्या शेकडो प्रसंगांची बातमी होत नाही, तिथे दिलगिरीही नसते. उचलून नेण्यात पडण्याचा धोका आहे. परक्या हातांचा स्पर्श आहे, आणि स्त्रियांसाठी त्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. विजेवर चालणारी खुर्ची सहज पन्नास किलोंच्या पुढे जाते; ती चार जणांनीही जिन्यावरून नेणे कठीण. सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे उचलायला माणसे असतील तेव्हाच जाता येते. एकट्याने, मनात आले म्हणून, कुणाला न सांगता जाता येत नाही. बँकेत आपली शिल्लक किती हे शेजाऱ्याला कळू न देण्याचा हक्क तुम्हा-आम्हाला आहे.

तिसरा आक्षेप जुन्या वास्तूंचा आणि खर्चाचा. जानेवारी २००१मध्ये स्टीफन हॉकिंग दिल्लीत आले तेव्हा कुतुबमिनार, जंतरमंतर अशा स्मारकांमध्ये तात्पुरते लाकडी रॅम्प बसले. अपंग हक्क चळवळीतले जावेद आबिदी यांनी त्यासाठी पाठपुरावा केला होता. म्हणजे दगडाला धक्का न लावता हे जमत होते. फक्त पाहुणा जगप्रसिद्ध असावा लागला. आमच्याकडे रायगडावर रोपवे आहे, सप्तशृंगगडावर फनिक्युलर ट्रॉली आहे. यंत्राने वर जाणे परंपरेला चालते, हे आपण पर्यटक आणि भाविक यांच्या बाबतीत केव्हाच मान्य केले आहे. प्रत्येक वाड्याच्या प्रत्येक माडीवर लिफ्ट हवी असे कुणी म्हणत नाही. जुन्या इमारतीत खर्च खरोखर जास्त येतो, हे मी मान्य करतो. तिथे कार्यालय तळमजल्यावर आणणे हा अनेकदा सर्वांत स्वस्त उपाय असतो. पण जुन्याची अडचण दाखवून नव्या इमारतीला सूट मागणे ही निव्वळ चलाखी आहे.

६. 'सगळ्यांच्याच सोयीचे' या युक्तिवादातली मेख

सुगम्यतेच्या बाजूने बोलणाऱ्यांचाही एक आवडता युक्तिवाद आहे. रॅम्पचा उपयोग आजी-आजोबांना होतो, बाबागाडी ढकलणाऱ्या आईला होतो, चाकांची बॅग ओढणाऱ्या प्रवाशाला होतो. म्हणून तो करा. अमेरिकेतले वास्तुरचनाकार रोनाल्ड मेस स्वतः व्हीलचेअर वापरत. सर्वांना वापरता येईल असे डिझाइन ही कल्पना त्यांनी मांडली, आणि ती मोलाची आहे. वेगळ्या 'अपंगांच्या दारा'चा अपमान तिने टाळला.

पण समर्थनाचा पाया म्हणून हा युक्तिवाद मला धोक्याचा वाटतो. बहुसंख्यांना उपयोग होतो म्हणून सोय करायची, असे एकदा ठरले की ज्या सोयींचा बहुसंख्यांना उपयोग नाही त्या आपोआप गळतात. ब्रेल पाटी आजोबांच्या कामाची नाही. कर्णबधिरांसाठीचा लुकलुकता दिवा बाबागाडीला निरुपयोगी आहे. पिवळ्या फरशांवर तर चाकांची बॅग खडखडते. बहुमत घेतले तर त्या उखडाव्या लागतील. स्वमग्न मुलासाठी शांत खोली ठेवायची तर इतरांची जागा थोडी कमीच होणार. यातले काहीही 'सगळ्यांच्या सोयीचे' नाही आणि तरीही ते करायला हवे, कारण इमारत सार्वजनिक असेल तर 'सार्वजनिक' या शब्दात हा माणूसही येतो. वृद्धांना फायदा झाला तर आनंदच आहे. पण हक्क त्या फायद्याच्या टेकूवर उभा राहू नये. टेकू कधीही काढता येतो.

७. सूचना आणि नियम

हक्क सल्ल्यावर सोडता येत नाही, हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयाने कायद्याच्या भाषेत मांडला आहे. २०१६च्या कायद्याचे कलम ४० म्हणते की सुगम्यतेच्या मानकांचे नियम केंद्र सरकारने करावेत. कलम ४४ त्याहून कडक आहे : त्या नियमांत न बसणाऱ्या बांधकामाला परवानगी द्यायची नाही आणि भोगवटाही नाही. कलम ४५ प्रमाणे जुन्या सार्वजनिक इमारती नियम आल्यापासून पाच वर्षांत सुगम्य करायच्या होत्या. नियम १५ जून २०१७ला आले. पाच वर्षे २०२२ साली संपली. डिसेंबर २०१५मध्ये सुरू झालेल्या सुगम्य भारत अभियानाच्या मुदतीही अशाच पुढे ढकलल्या गेल्या.

गडबड कुठे झाली? २०१७च्या नियमांतल्या नियम १५ने मानके म्हणून मार्गदर्शक सूचनांकडे बोट दाखवले. या दस्तऐवजांत 'असावे', 'शक्यतो', 'शिफारस' असे शब्द जागोजागी येतात. राजीव रतुरी यांनी २००५ साली दाखल केलेल्या याचिकेत ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने नियम १५(१) मूळ कायद्याशी विसंगत ठरवला : कायदा सक्ती करतो आणि नियम मात्र सल्ला देतो, हे चालणार नाही. कुठल्याही परिस्थितीत सोडता न येणारी किमान मानके वेगळी काढून सक्तीची करावीत, असे सांगून न्यायालयाने केंद्राला तीन महिन्यांची मुदत दिली.

न्यायालयाने सुगम्यता आणि मागितल्यावर द्यायची सोय यांत केलेला भेदही महत्त्वाचा आहे. एखाद्या कर्मचाऱ्याला त्याच्या गरजेप्रमाणे विशिष्ट टेबल देणे ही मागितल्यावर द्यायची सोय. सुगम्यता त्याआधीची पायरी आहे. ती कुणी मागण्याआधी, कोण येणार हे ठाऊक नसताना तयार असावी लागते. प्रवेशद्वारावर 'मदतीसाठी संपर्क करा' असा नंबर लिहिणाऱ्या संस्था या दोन्हींची गल्लत करतात.

८. मंजुरीच्या टेबलावर

सक्ती म्हणजे नेमके काय करायचे? माझी सूचना फार मोठी नाही. बांधकाम परवानगीच्या अर्जासोबत एक जादा नकाशा मागावा. त्यात रस्त्यापासून प्रत्येक मजल्यावरच्या वापराच्या जागेपर्यंत, स्वच्छतागृहापर्यंत आणि आश्रयक्षेत्रापर्यंत एक सलग रेघ काढलेली असेल. रेघेवर जिथे जिथे पातळी बदलते तिथे आकडा, जिथे दार येते तिथे मोकळी रुंदी, जिथे वळायचे तिथे वर्तुळ. रेघ कुठेही तुटली तर परवानगी नाही. भोगवटा प्रमाणपत्र देण्याआधी हीच रेघ जागेवर चालून पाहावी. खुर्ची वापरणारी एक व्यक्ती आणि काठी वापरणारी एक व्यक्ती सोबत असावी आणि त्यांना त्याचे मानधन मिळावे.

भोगवटा मिळाल्यावर वाट पुन्हा बुजते, हे खरे. त्यासाठीही नमुना हाताशी आहे. महाराष्ट्राच्या २००६च्या आग प्रतिबंधक कायद्याखाली अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचे 'नमुना ब' प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैत द्यावे लागते. त्याच प्रमाणपत्रात सुगम्य वाट आणि आश्रयक्षेत्र मोकळे असल्याची नोंद वाढवता येईल. या प्रमाणपत्रांतली काही टेबलावर बसूनच भरली जातात, असे कुणी म्हणेल. भरली जात असतील. पण सही करणाऱ्याचे नाव कागदावर राहते, आणि सध्या तेही नाही.

हे आत्ताच लिहिण्याचे कारण आहे. मुंबई, ठाणे, पुण्यात सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या बिनलिफ्टच्या सोसायट्या एकामागून एक पुनर्विकासाला जात आहेत. पुढच्या पन्नास वर्षांच्या पातळ्या आज ठरत आहेत. सर्वसाधारण सभेत चटई क्षेत्र, कॉर्पस, भाडे, पार्किंग यांवर तासन्तास चर्चा होते. त्याच सभेत आणखी तीन प्रश्न विचारावेत : स्टिल्टच्या फरशीपासून लिफ्टच्या दारापर्यंत पातळीत किती मिलिमीटरचा फरक आहे, बाथरूमच्या दाराची मोकळी रुंदी किती, आणि आश्रयक्षेत्राच्या दाराला उंबरा आहे का. उत्तरे विकासकाच्या करारनाम्याच्या परिशिष्टात आकड्यांत लिहून घ्यावीत. त्या परिशिष्टात नळांचे आणि टाइल्सचे ब्रँड नावानिशी असतात. या तीन ओळींना जागा निघेल.